सहावं प्रकरण

१

शामकांत धर्माधिकारी गेले त्याला पाच आठवडे झाले होते. त्यांच्या पुस्तकातलं एक प्रकरण नाहीसं झालंय, हे त्यांच्या मुलाला, केदारला, सोमवारी सकाळी कळलं.

पुस्तक शिवारनावांचं होतं. सातबाऱ्यावर शेताला गट नंबर असतो, पण माणसं नंबरानं बोलत नाहीत. ती 'रडकीचा माळ' म्हणतात, 'तीन भावांचा बांध' म्हणतात. भूगोलाचे मास्तर असलेले शामकांत सव्वीस वर्षं स्कूटरवरून नगर जिल्हा पालथा घालून ही नावं गोळा करत होते. प्रत्येक नावाखाली ते का पडलं याच्या चार ओळी आणि शेवटी, न चुकता, सांगणाऱ्याचं नाव. चौदा तालुके, चौदा प्रकरणं. पुण्याच्या प्रकाशकाला सगळं शुक्रवारपर्यंत हवं होतं. हुकलं की पुस्तक वर्षभर मागं पडणार होतं, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे होते.

सावेडीतल्या घरी, वडिलांच्या खोलीत, केदारनं कॉम्प्युटर उघडला. फाइली ओळीनं लागल्या होत्या. ०१ अकोले, ०२ कर्जत, ०३ कोपरगाव, ०४ जामखेड, ०५ नगर, आणि त्याखाली एकदम ०७ पाथर्डी.

सहावं, नेवासा, नव्हतं.

त्यानं रिसायकल बिन बघितली. रिकामी. वडिलांचा पेन ड्राइव्ह लावला. त्यात दिवाळीपर्यंतची पाचच प्रकरणं होती. मग दीड तास तो एकेक फोल्डर उघडून बघत बसला. विजेची बिलं, लग्नपत्रिका, कुणाकुणाच्या बदलीचे अर्ज. नेवासा कुठंच नाही.

आई, सुमेधाबाई, स्वयंपाकघरात गवारीच्या शिरा काढत होत्या.

"आई, नेवाशाचं प्रकरण दिसत नाही."

"नसेल लिहून झालं," त्या गवारीकडेच बघत म्हणाल्या.

"झालं होतं. वीस जानेवारीला त्यांनी प्रकाशकाला मेल केलाय, चौदाही तयार आहेत म्हणून."

त्यांनी पुढची शेंग उचलली. केदारलाही त्याचं विशेष वाटलं नाही. बाबा गेल्यापासून त्याला कशाचंच विशेष वाटत नव्हतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपलाच असूनही चिमटा दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं त्याचं झालं होतं. अंत्यविधी, दहावा, तेरावा, सगळं त्यानं नीट पार पाडलं होतं. लोक म्हणाले, केदार खंबीर आहे. तो खंबीर नव्हता. तो नुसता तिथं होता.

त्यानं आयेशाला फोन केला.

२

आयेशा तांबोळीचं पाइपलाइन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. नववीत तिला धर्माधिकारी सर भूगोलाला होते. पुढे त्यांचा कॉम्प्युटर बिघडला की सर तिलाच बोलवायचे.

ती आली, चप्पल दारात काढून आधी सरांच्या फोटोपुढं उभी राहिली, मग खुर्चीवर बसली.

"केदारदादा, तुम्ही फोल्डर उघडून शोधलंत?"

"मग कसं शोधणार?"

तिनं पडद्याच्या कोपऱ्यातलं भिंगाचं एक बारीक चित्र दाबलं. वर एक रिकामी चौकट आणि खाली पांढरी जागा, एवढीच खिडकी उघडली.

"हे मी दोन वर्षांपूर्वी सरांना बसवून दिलं होतं. सर फाइल कुठंही ठेवायचे आणि विसरायचे. हे सॉफ्टवेअर मोकळ्या वेळेत सगळ्या फाइली आतून वाचून ठेवतं. पुस्तकामागं सूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशी सूची करतं. मग शब्द टाकला की पापणी लवायच्या आत फाइल पुढं."

तिनं 'नेवासा' टाकलं. तीन पत्रं आणि बसचं एक तिकीट आलं. 'सोनई' टाकलं. एक पत्र आलं.

केदार म्हणाला, "म्हणजे फाइल नाहीच."

"थांबा. ही बाकीची तेरा प्रकरणं तरी कुठं आली? पाथर्डीच्या प्रकरणात नेवाशाचं नाव नसेल असं होईल का? शेजारचा तालुका आहे." तिनं पाथर्डीची फाइल उघडली आणि मान हलवली. "बरोबर. हे सगळं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. आपल्याला मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ही नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. आपण नव्या पद्धतीनं 'नेवासा' विचारतो, त्याला खिचडीत तो शब्द दिसतच नाही."

"मग?"

"मग आधी काय काय शोधलं गेलंय ते बघू. हे लक्षात ठेवतं."

तिनं चौकटीशेजारचा बाण दाबला. आज तिनं टाकलेले दोन शब्द सगळ्यात वर होते. त्यांच्याखाली दोनदा 'nevasa'. त्याखाली एक विचित्र ओळ, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि अपूर्णांकाचं एक चिन्ह. आणि त्याच्याही खाली 'मेडिक्लेम', 'गीझर गॅरंटी', अशी सरांची घरगुती शोधाशोध.

"सर इंग्रजीत टाइप करायचे?" आयेशानं विचारलं.

"कधीच नाही."

"मग हे 'nevasa' सरांचं नाही. कुणीतरी दुसरं या खुर्चीवर बसून हेच प्रकरण शोधत होतं."

केदारच्या डोळ्यांपुढं एकच माणूस आला. तेराव्याला पानावर बसल्याबसल्या तो म्हणाला होता, "सगळं सरांचं, पण नेवासा माझा."

३

रविराज शामकांतांच्याच शाळेत, त्यांच्यापेक्षा ज्युनियर शिक्षक होता. सोनईचा. नेवासा तालुक्यातल्या वाड्यावस्त्या त्यानंच सरांना दाखवल्या होत्या. संध्याकाळी तो आला, पाण्याचा पेला हातात धरून बसला, प्यायला नाही.

"सर, तुम्ही बाबांच्या कॉम्प्युटरवर बसला होतात?" केदारनं सरळच विचारलं.

रविराजनं पेला खाली ठेवला. "बसलो होतो. सहा फेब्रुवारीला. तुम्ही अस्थी घेऊन प्रवरासंगमला गेला होतात त्या दिवशी. भेटायला आलो, बाहेर शेजारच्या बाई होत्या. म्हणाल्या, सुमेधाताई आत पडल्यात. मी म्हटलं, सरांच्या खोलीत जरा बसतो."

"कशासाठी?"

"पंचवीस वर्षं मीही हिंडलोय. पुस्तकात माझं नाव आभारात आहे, एका ओळीत. म्हटलं, नेवासा पेन ड्राइव्हवर घ्यावं. काय करणार होतो ते माझं मलाच नक्की माहीत नव्हतं. कदाचित माझ्या नावानं कुठं छापलं असतं. कदाचित नुसतं ठेवलं असतं. पण मिळालंच नाही. दोनदा शोधलं. मला मराठी टाइप येत नाही, मी मोबाइलला बोलून लिहितो. इंग्रजीत नाव टाकलं. काही आलं नाही."

"किती वाजता?"

"बाराच्या सुमाराला."

आयेशा त्याच्याकडे बघत होती. "सर, कॉम्प्युटर तुम्ही सुरू केलात?"

"न्हाई." बोलता बोलता त्याची शाळेतली भाषा सुटली. "चालूच हुता. तेच तर मला नवल वाटलं. सर जाऊन चार दिवस झालेले, आन कॉम्प्युटर चालू. माझ्या आधी कुनीतरी बसून गेल्तं."

उठताना तो दारात थांबला. "केदार, रागावलात तर रागवा. पण प्रकरण सापडायला पाहिजे. सोनईच्या बाजारात भीमाबाई दर आठवड्याला मला गाठतात. 'माझ्या भैनीचं नाव छापून आलं का?' म्हणून विचारतात. दुसरं काही विचारत नाहीत."

४

मंगळवारी सकाळी आयेशा आली ती खोलीत शिरताच म्हणाली, "मी रात्रभर त्या टोपीवाल्या अक्षरांचाच विचार करत होते. ती खिचडी म्हणजेच जुन्या फॉन्टमधलं मराठी. कुणीतरी जुन्या फॉन्टच्या कीबोर्डवर शब्द टाइप केला. चौकटीत कचरा दिसला, पण कॉम्प्युटरला बरोबर कळला."

तिनं त्या ओळीवर टिचकी मारली.

एक फाइल आली. एकच. जागा : 'आई पेन्शन'. नाव : 'हयातीचा दाखला २०१९'.

केदारनं ती उघडली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं, 'नेवासा तालुका'.

त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं नुसती पानं मोजली. एक्केचाळीस होती.

"शेवटचा बदल सहा फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं," आयेशा म्हणाली. "रविराज सर येण्याच्या आधी. ज्याला फाइल नको असते तो ती पुसून टाकतो, केदारदादा. इथं पुसलेली नाही. नाव बदलून, कुणी चुकूनही उघडणार नाही अशा जागी ठेवलीय. आणि त्याआधी काहीतरी बदललंय. काय, ते जिनं टाइप केलं तीच सांगेल."

दिपाली सगळं पुस्तक टाइप करणारी बाई. ती आली तीच ताठ मानेनं. जानेवारीत चुकांवरून सर तिला बोलले होते आणि ती आठ दिवस आली नव्हती, हे केदारला माहीत होतं. त्या सहा तारखेलाही ती अकराच्या सुमाराला येऊन प्रुफांचं पाकीट सरांच्या टेबलावर ठेवून गेली होती.

"माझ्यावर संशय आहे का?" तिनं विचारलं.

"तू आलीस तेव्हा इथं कोण होतं?"

"कुणी नव्हतं. कॉम्प्युटर चालू होता. मला वाटलं, तुम्हीच चालू ठेवून गेलात."

आयेशानं तिला ती विचित्र ओळ दाखवली. दिपालीनं क्षणभर बघितलं. "हे 'साळू' आहे. साळूची विहीर. नेवाशातली नोंद." तिनं माउस फिरवला आणि पानावर थांबली. केदार खांद्यावरून वाचू लागला.

'साळूची विहीर. वाडीच्या उत्तरेला, ओढ्यालगत. पाणी गोडे. साळूबाई या मजूर स्त्रीच्या नावावरून. १९६९च्या उन्हाळ्यात ती या विहिरीत मरण पावली. पाय घसरला असे गावात सांगतात. तिच्यावर मालकाच्या घरची चांदीची वाटी चोरल्याचा आळ होता. वाटी पुढे राखेच्या ढिगात सापडली. सांगणारी : भीमाबाई, तिची धाकटी बहीण.'

"इथपर्यंत माझं," दिपाली म्हणाली. "याच्या खालचं मी टाइप केलेलं नाही."

खाली आणखी ओळी होत्या.

'पाय घसरला नाही.  आळ घेतल्यावर तिने उडी घेतली.  पण पाण्यात पडल्यावर तिने हाका मारल्या.  तिला वर यायचे होते.  मालकाचा भाऊ काठावर उभा होता.  त्याच्या हातात मोटेचा दोर, नाडा होता.  त्याने तो टाकला नाही.  हे पाहिलेले आहे.  सांगणारी :'

तिथंच संपलं होतं. सांगणारीपुढं नाव नव्हतं.

आयेशानं पडद्यावर बोट ठेवलं. "दिपालीताई, पूर्णविरामानंतर तुम्ही किती जागा सोडता?"

"एक."

"या ओळींत प्रत्येक ठिकाणी दोन आहेत. एकदाही चुकलेलं नाही."

दिपाली पुढं वाकली. "ही तर टायपिंगच्या परीक्षेची सवय. जुन्या मशिनवाल्यांची. आणि हे बघा, त्या दिवसानंतर मी आलेच नाही, म्हणून लक्षात आलं नाही. मी उच्चाराप्रमाणे टाइप करते, 'के' दाबला की 'क'. इथं कीबोर्ड टाइपरायटरचा लावलाय. कुणीतरी बदलला आणि परत करायचा विसरलं."

"रविराज सरांना टाइप येत नाही," आयेशा सावकाश म्हणाली. "तुमचा कीबोर्ड वेगळा. शेजारच्या बाई बाहेर बसलेल्या. फाइल ठेवलीय पेन्शनच्या फोल्डरमध्ये. दादा, या घरात टाइपरायटर कोण..."

केदारला उत्तर माहीत होतं. त्याची आई कोर्टात एकतीस वर्षं टंकलेखक होती. आणि सोनईपलीकडची ती वाडी आईचं माहेर होतं.

त्यानं वळून बघितलं. सुमेधाबाई दारात उभ्या होत्या.

५

दिपाली आणि आयेशा उठून बाहेर गेल्या. सुमेधाबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"तो माझा काका," त्या म्हणाल्या. आवाज गॅसचा नंबर सांगावा तसा सपाट होता. "मी नऊ वर्षांची होते. चिंचेमागं उभी होते. ती 'धाकले मालक, धाकले मालक' म्हणून हाका मारत होती. काकाच्या हातात नाडा होता. मला वाटलं, आता टाकेल. मग वाटलं, आता टाकेल. मग हाका थांबल्या."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"घरात सांगायचं म्हटलं तरी कुणाला सांगणार होते? त्यांनाच." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "जानेवारीत यांनी मला ती नोंद वाचायला दिली. म्हटलं, काढा हे. माझ्या माहेरचं आहे. ते म्हणाले, 'कुणाचं नाव घातलेलं नाही. पण तू नुसतं खोटं आहे म्हण, आत्ता काढतो.' मला म्हणता आलं नाही. खरं आहे असंही म्हणता आलं नाही. त्यानंतर आमच्यात भाजी, गोळ्या, दुधाचा रतीब, एवढंच बोलणं राहिलं. बारा दिवस. तेराव्या दिवशी सकाळी हे उठलेच नाहीत."

केदारला ते बारा दिवस आठवले. त्यानं दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा बाबा म्हणाले होते, सगळं ठीक आहे.

"तुम्ही संगमावर गेलात तेव्हा मी ती नोंद काढायलाच बसले," त्या पुढं म्हणाल्या. "साळू टाकलं, फाइल आली. पुसायच्या ऐवजी हात पुढंच टाइप करत गेले. मी पडद्याकडे बघतसुद्धा नव्हते. कोर्टात जबाब टाइप करायचे, तेव्हा कुठं बघायचे? दुसऱ्याचं ऐकायचं आणि बोटं चालवायची. तसंच झालं. मग 'सांगणारी' आलं आणि बोटं थांबली. दारात चप्पल वाजली. पुसवेना, ठेववेना. मग माझ्या कागदांत ढकलून दिलं आणि आत जाऊन पडले."

"बाबांना कळलं असेल?"

"मी पाहिलंय हे? नाही. त्यांना वाटलं, मी माहेरची लाज झाकते." त्या थांबल्या. "तेही खरंच होतं."

केदार उठला आणि त्यानं खुर्ची आईकडे वळवली. तेवढंच त्याला सुचलं.

सुमेधाबाई बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिल्या. मग येऊन बसल्या, पाठ ताठ केली, मनगटं उचलली. बोटं अडखळली नाहीत.

'सांगणारी :  सुमेधा शामकांत धर्माधिकारी.  मालकाची मुलगी.  त्या वेळी वय नऊ.'

"आता काकाचं नाव?" केदारनं विचारलं.

"मालकाची मुलगी म्हटलं की गाव ओळखेल." त्यांनी फाइल जतन केली. "शुक्रवारी पाठव. पण त्याआधी मला सोनईला ने."

६

गुरुवारी दुपारी ते भीमाबाईंच्या घरी पोचले. रविराजनं घर दाखवलं आणि तो बाहेर गाडीपाशीच थांबला.

भीमाबाई बाहत्तरीच्या, बारीक चणीच्या. पत्र्याच्या सावलीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सुमेधाबाईंना बघून त्या उठल्या नाहीत, पण शेंगांचं सूप बाजूला सारून त्यांनी गोणपाटावर जागा केली. सुमेधाबाई खाली बसल्या. केदारनं घरून छापून आणलेला कागद काढला.

"वाचू का?"

"वाच की. मला कुटं येतंय."

त्यानं वाचलं. त्याचा आवाज आठवड्याच्या बाजारभावाच्या बातम्या वाचाव्यात तसा निघाला. त्याला त्याची लाज वाटली, पण दुसरा आवाज त्याच्याजवळ नव्हता. 'हाका मारल्या' इथं भीमाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. 'वय नऊ' इथं वाचन संपलं.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरला.

"तू चिंचंमागं हुतीस," भीमाबाई सुमेधाबाईंना म्हणाल्या. "हिरवं परकर-पोलकं. मी बांधावरून पळत येत हुते, तवा बघितलं तुला."

"मग यांना का नाही सांगितलंत?" सुमेधाबाईंनी विचारलं.

"कशाला सांगू? तुजा नवरा व्हता त्यो. त्यानं घरी येऊन तुला इचारलं असतं, मंग तू त्यानं इचारलं म्हनून बोलली असतीस." त्यांनी लुगड्यावरची टरफलं झटकली. "तुजं तू सांगायचं हुतं. लई दीस लावलेस."

"हो," सुमेधाबाई म्हणाल्या.

"सत्तावन्न वर्सं लावलीस."

"हो."

माफीचा शब्द दोघींपैकी कुणीच काढला नाही. केदार कागदाची घडी घालू लागला, तेव्हा भीमाबाईंनी हात पुढं केला. त्यांनी कागद घेतला, उलटा होता तो केदारनं सुलटा करून दिला. त्या अक्षरांवरून बोट फिरवत खाली आल्या.

"ह्यात साळूचं नाव कुटं हाय?"

केदारनं दाखवलं. त्यांनी तिथं बोट ठेवलं, बराच वेळ.

"आन सांगनारी म्हनून माजं आदी, का हिचं?"

"तुमचं आधी," केदार म्हणाला.

"मंग छापा," भीमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं.